जबड्यावरची चंद्रकोर : रेडिओ फ्रिक्वेन्सी उपचाराचं एक प्रकरण

बाईंनी गालावरचा पदर बाजूला केला आणि मला आधी दिसली ती एक चंद्रकोर. डाव्या जबड्याच्या कडेवर, हनुवटीपासून तीन बोटं मागे, काळपट तपकिरी, खपली धरलेली. तिच्या शेजारी तशीच दुसरी, थोडी फिकट. भाजल्याच्या खुणा मी वरचेवर पाहते. कुकरच्या वाफेच्या, इस्त्रीच्या, मोटारसायकलच्या सायलेन्सरच्या. पण इतकी रेखीव गोल कड त्यात क्वचितच असते. ही खूण कशाची, हे त्यांनी सांगण्याआधीच माझ्या लक्षात आलं होतं.

फेब्रुवारी २०२४ ची गोष्ट. त्यांचं वय ५२, जिल्हा परिषदेच्या शाळेत २७ वर्षं शिक्षिका. माझ्या रिसेप्शनवरची मुलगी त्यांचीच विद्यार्थिनी निघाली, तिने उभं राहून 'बाई, बसा ना' म्हटलं आणि त्या दिवसापासून क्लिनिकभर त्या बाईच झाल्या. इथेही मी तेच नाव वापरते आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदलले आहेत, वैद्यकीय भाग जसाच्या तसा आहे.

दीड वर्षापूर्वी त्यांना मधुमेह निघाला. बाई शिस्तीच्या. रोज पहाटे चालायला सुरुवात केली, साखर सोडली, भात मोजून खाल्ला. वर्षभरात वजन ७४ किलोवरून ६० वर आलं. गुडघेदुखी गेली, साखर आटोक्यात आली, पण गाल मात्र ओघळले. आधी जी चरबी त्वचेला आतून ताणून धरायची, तीच कमी झाली. शिवाय पाळी थांबून चार वर्षं झालेली. पाळी थांबल्यावरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन, कमी होतं, हे मोजून पाहिलेलं आहे. त्यात तालुक्याच्या शाळेत रोज स्कूटीवरून येणं-जाणं, तेही कितीतरी वर्षं भर उन्हातून. तिन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर एकदम येऊन ठेपल्या होत्या. भेटेल तो विचारू लागला, "बाई, बरं नाही का?" ज्या वर्षी त्या सगळ्यात ठणठणीत होत्या, त्याच वर्षी लोक त्यांना आजारी समजत होते. आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मुलीचं लग्न होतं.

म्हणून त्या एका सेंटरमध्ये गेल्या. 'विनाऑपरेशन फेसलिफ्ट', म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या उष्णतेने त्वचा आवळायची, सहा सिटिंगचं पॅकेज, ३० हजार रुपये, तेही आगाऊ. पहिल्या दोन सिटिंगना मालिशसारखं कोमट वाटलं, बस्स. तिसऱ्या वेळी बाईंनी स्वतःच विचारलं की फरक काही दिसत नाही. तिथल्या मुलीने सांगितलं, आज लेव्हल वाढवते, आधी बधिर करायचं मलम लावते. पाऊण तास मलम, वर प्लास्टिकचा कागद. मग पाठीखाली एक गार प्लेट सरकवली, गालावर जेल लावलं आणि हँडपीस, म्हणजे यंत्राचा हातात धरायचा भाग, फिरायला लागला.

"चटका बसला तेव्हा बोलला नाहीत?" मी विचारलं.

"एकदा आई गं म्हटलं, मॅडम. ती म्हणाली, थोडं सोसा, जितकं गरम तितका रिझल्ट. म्हटलं, दोन बाळंतपणं काढली, एवढ्याचं काय!"

हे वाक्य मी केसपेपरवर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवलं. पुढच्या पावणेदोन वर्षांत या प्रकरणात जे जे झालं, ते सगळं या एका वाक्याभोवती फिरतं.

चंद्रकोर कशी उमटली

रेडिओ फ्रिक्वेन्सी म्हणजे लेझर नव्हे. लेझरला रंग लागतो. तो त्वचेतल्या मेलॅनिनवर, रक्तावर किंवा पाण्यावर पडून तिथे शोषला जातो, म्हणूनच आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर लेझर वापरताना जास्त जपावं लागतं. रेडिओ फ्रिक्वेन्सीला रंगाशी देणंघेणं नाही. ही साधी वीजच असते, फक्त तिची दिशा सेकंदाला लाखो वेळा बदलते. चेहऱ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध यंत्रात सेकंदाला तिची ६७ लाख ८० हजार आवर्तनं होतात. इतक्या वेगाने दिशा बदलली की स्नायू आणि मज्जातंतू दचकत नाहीत, शॉक बसत नाही. पॅरिसमध्ये दार्सोनव्हाल यांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे दाखवलं होतं. १९२६ मध्ये बॉस्टनला बोव्ही यांच्या यंत्राने कुशिंग यांनी मेंदूची शस्त्रक्रिया केली, तीही याच प्रकारच्या विजेवर. आज प्रत्येक ऑपरेशन थिएटरमध्ये रक्तवाहिन्या बंद करायला जी 'कॉटरी' असते, ती आणि सौंदर्योपचारातलं हे यंत्र एकाच घराण्यातलं. पार्लरच्या गुलाबी प्रकाशात ही गोष्ट विसरायला होते.

शरीर या विजेला अडवतं, आणि अडवण्यातून उष्णता तयार होते. त्या उष्णतेने दोन कामं होतात. कोलॅजनचा धागा म्हणजे तीन पेडांची वेणी. साधारण ६० ते ६५ अंशांना पेडांना बांधून ठेवणारे काही दुवे सुटतात आणि धागा आखूड, जाड होतो, निखाऱ्यावर धरलेला पापड आक्रसतो तसा. हा झाला तत्काळ परिणाम. दुसरा परिणाम सावकाश होतो. गरम झालेल्या भागाला शरीर जखम समजतं आणि तिथल्या पेशी नवं कोलॅजन बनवायला लागतात. त्याला तीन ते सहा महिने लागतात.

अडचण अशी की ही उष्णता आत, खोलवर हवी असते आणि वरच्या त्वचेला नको असते. चांगल्या यंत्रात प्रत्येक झटक्याच्या, म्हणजे एका वेळी सोडलेल्या ऊर्जेच्या, आधी आणि नंतर टोकाशी गार वायूचा फवारा असतो, त्याने वरचा थर सांभाळला जातो. काही यंत्रांत तो नसतो. तिथे हँडपीस सतत फिरता ठेवून वरचं तापमान साधारण ४० ते ४२ अंशांत राखतात आणि थर्मामीटरने वारंवार तपासतात. बाईंच्या सांगण्यावरून त्यांच्या वेळचं यंत्र दुसऱ्या प्रकारातलं होतं. थर्मामीटर त्यांनी पाहिला नव्हता.

पाठीखाली प्लेट होती, म्हणजे वीज हँडपीसमधून शिरून प्लेटमधून बाहेर पडत होती. प्लेट मोठी म्हणून तिथे ती पसरते, जाणवतही नाही. हँडपीसचं टोक लहान म्हणून सगळा जोर तिथे. गाल मऊ, सपाट असतो, तिथे टोक नीट टेकतं. जबड्याची कड मात्र उंचवट्याची, आणि खाली लगेच हाड. तिथे टोक जरा कललं की अर्धं हवेत राहतं आणि तितकीच वीज उरलेल्या कडेतून जाऊ पाहते. पाण्याच्या नळीचं तोंड अंगठ्याने अर्धं दाबलं की धार कशी जोरात उडते, तसंच. त्यात जेल वाळलेलं असेल तर विचारायलाच नको. गोल टोकाची कड त्वचेवर उमटली, म्हणून चंद्रकोर. दोन कोरी आहेत, म्हणजे टोक एकदा नव्हे, दोनदा कललं.

आणि दोन्ही वेळा ते बाईंना कळलंच असणार. बधिर करणाऱ्या मलमाने वरच्या थराची संवेदना बोथट झाली होती, तरीही 'आई गं' निघालं. मलम नसतं तर ते मोठ्याने निघालं असतं, हात आपोआप वर गेला असता. वरच्या त्वचेला चटका बसतोय हे सांगणारी एकच यंत्रणा त्या खोलीत होती, ती म्हणजे बाईंचं दुखणं. तिला आधी मलमाने निम्मी गप्प केली आणि उरलेली 'थोडं सोसा' म्हणून.

हे माझं मत नाही, या उपचाराच्या इतिहासातच ते आहे. थर्मेज हे यंत्र अमेरिकेत २००२ मध्ये डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी आणि २००४ मध्ये पूर्ण चेहऱ्यासाठी मंजूर झालं. सुरुवातीला पद्धत अशी होती की जास्तीत जास्त ऊर्जा द्यायची आणि एकदाच हात फिरवायचा. ते फार दुखायचं, म्हणून गुंगीची औषधं द्यायचे, नसा बधिर करायची इंजेक्शनं द्यायचे. काहींच्या त्वचेवर भाजल्याच्या खुणा राहिल्या, काहींच्या चेहऱ्यावर खळगे पडले. मग डॉक्टरांनी पद्धत उलटी केली. ऊर्जा कमी, हात अनेकदा फिरवायचा, आणि प्रत्येक टप्प्यावर रुग्णालाच विचारायचं की किती गरम लागतंय. शून्य म्हणजे काहीच नाही, चार म्हणजे असह्य. दोन-अडीचच्या पुढे जायचं नाही. या पद्धतीने परिणाम चांगला आला आणि इजा कमी झाल्या. इंजेक्शन देऊन चेहरा पूर्ण बधिर करायचा नाही, हा नियम तेव्हापासूनचा. रुग्णाचं बोलणं हे या उपचारात सुरक्षेचं साधन आहे. यंत्राला प्लग जितका लागतो, तितकंच तेही लागतं.

जखम, आणि शेजारणीचं मलम

जखम तेव्हा बारा दिवसांची होती. मी आधी बाईंना खालचे दात दाखवायला सांगितलं. जबड्याच्या त्याच कडेवरून खालच्या ओठाला हलवणारी चेहऱ्याच्या नसेची एक नाजूक फांदी जाते. ओठ दोन्हीकडे सारखा खाली आला. जीव भांड्यात पडला.

मग विचारलं, सध्या काय लावता? त्यांनी पर्समधून एक ट्यूब काढली. शेजारणीने दिलेली, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली. त्यात स्टेरॉइड, रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन आणि त्वचेची साल काढणारं ट्रेटिनॉइन, तिन्ही एकत्र. महाराष्ट्रातल्या कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाला विचारा, 'डाग जायचं मलम' म्हणून ही ट्यूब घराघरांत सापडते आणि त्यातून चेहरे बिघडतात. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती सहज मिळतात. ताज्या भाजलेल्या जागी ती लावणं म्हणजे भरणारी जखम अडवणं, आणि मधुमेहात ते अधिकच वाईट. ती ट्यूब मी माझ्याकडेच ठेवून घेतली.

उपचार साधा होता. खपली काढायची नाही, ती आपोआप पडेपर्यंत साधी पेट्रोलियम जेली. जखम बंद झाल्यावर सनस्क्रीन, तेही त्वचेच्या रंगाचं, कारण त्यातला आयर्न ऑक्साइड दिसणाऱ्या प्रकाशालाही अडवतो आणि सावळ्या त्वचेवर काळा डाग टिकवण्यात त्या प्रकाशाचा वाटा मोठा असतो. नंतर रात्री डाग फिकट करणारं अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ७.१ आली, त्यांच्या फिजिशियननी औषधं तशीच चालू ठेवली.

आपल्या त्वचेचं एक वैशिष्ट्य इथे सांगायला हवं. उष्णता रंग पाहत नाही, पण भाजल्यानंतरची त्वचा रंग विसरत नाही. रेडिओ फ्रिक्वेन्सी 'सर्व रंगांच्या त्वचेसाठी सुरक्षित' असं जाहिरातीत असतं आणि नीट केली तर ते खरंही आहे. चूक झाली तर मात्र गोऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जो लालसरपणा काही आठवड्यांत जातो, तो आपल्याकडे काळा डाग होऊन महिनोन्महिने राहतो. बाईंची चंद्रकोर पूर्ण फिकट व्हायला जवळजवळ आठ महिने लागले.

मार्चच्या शेवटी त्या पुन्हा आल्या. उरलेली तीन सिटिंग सेंटरवाले फुकट, 'अगदी हलक्या लेव्हलवर' करून द्यायला तयार होते. किंवा मी तरी काही करावं, लग्न तोंडावर आलंय. मी नाही म्हटलं. जखमेवर पुन्हा उष्णता हे एक कारण, आणि दुसरं अधिक साधं होतं. त्या दिवसापासून लग्नाला जेमतेम साडेतीन आठवडे होते आणि नव्या कोलॅजनला लागतात महिने. साडेतीन आठवड्यांत जो 'रिझल्ट' दिसतो, तो बहुतेक वेळा सूजच असते. मेकअप करणाऱ्या मुलीला माझा नंबर द्या, तिला डागावर काय लावायचं ते मी सांगते, एवढंच मी केलं. लग्नाचे फोटो बाईंनी नंतर दाखवले. हिरवा शालू, चंद्रकोर कुठेच दिसत नव्हती.

खळगा

जूनमध्ये मात्र दुसरी गोष्ट समोर आली. डाग फिकट होत होता, पण तिरप्या उजेडात त्याच्या वरच्या अंगाला, गालाच्या खालच्या भागात एक उथळ खळगा दिसत होता. साधारण रुपयाच्या नाण्याएवढा. बोटाने चाचपलं तर उजव्या गालापेक्षा तिथे त्वचेखालचा थर पातळ लागत होता.

चरबीची पेशी उष्णतेला फार नाजूक असते. ४३ ते ४५ अंश काही मिनिटं टिकले तर ती लगेच नाही, पण पुढच्या काही दिवस-आठवड्यांत मरते. पोटाची चरबी कमी करणारी यंत्रं याच गोष्टीवर चालतात. जे पोटावर हवं असतं तेच गालावर नको असतं, आणि बाईंच्या गालावर तर १४ किलो वजन उतरल्यावर चरबी उरलीच होती किती? ज्या चेहऱ्याची तक्रार मुळात भराव कमी झाल्याची होती, त्यावर कोणी हँडपीस एका जागी रेंगाळू दिला. हे मला चंद्रकोरीपेक्षा जास्त लागलं. डाग जातो. मेलेली चरबी सहसा परत येत नाही.

इथे मला त्या सेंटरमधल्या मुलीबद्दलही बोलायला हवं. बाईंच्या सांगण्याप्रमाणे ती वीस-बावीस वर्षांची होती, तिथे लागून दोन महिने झाले होते. तिला कोणी शिकवलं असेल की गाल दोन थरांचा नसतो, जबड्याच्या कडेवर नस असते, वजन उतरलेल्या माणसाचा चेहरा वेगळा हाताळायचा असतो? तिला लेव्हल वाढवायचं बटण दाखवलं गेलं. मी तिला दोष देऊ शकत नाही. रुग्णाला तपासून 'हिला हे करायचं नाही' असं म्हणणारं तिथे कोणी नव्हतं, दोष त्याचा आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. बाईंनी सही केलेला कागद इंग्रजीत होता, तो वाचून दाखवला नव्हता. उपचारात काय होऊ शकतं याची पुरेशी माहिती रुग्णाला समजेल अशी दिली तरच संमती खरी, असं सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्येच सांगितलं आहे. सेंटरकडे कोणत्या दिवशी किती ऊर्जा दिली, कोणी दिली, काहीच नोंद नव्हती. मी फोटो, मोजमाप आणि निदान लेखी दिलं. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते हेही सांगितलं. बाईंचे यजमान ते पत्र घेऊन गेले, पूर्ण ३० हजार परत मिळाले आणि बाईंनी विषय तिथे संपवला. तो त्यांचा निर्णय होता.

"मग हे करूच नये का?"

ऑक्टोबरमध्ये हा प्रश्न बाईंनीच विचारला, आणि मी त्यावर बराच विचार केला. भाजलेल्या माणसाला 'हे सगळं थोतांड आहे' असं सांगून मोकळं होणं सोपं असतं. पण ते खरं नाही. योग्य माणसाला, योग्य हातांनी, माफक अपेक्षेने केलेली रेडिओ फ्रिक्वेन्सी काम करते.

योग्य माणूस कोण, हे पाहायची माझी पद्धत अगदी घरगुती आहे. बाईंच्या हातात आरसा दिला आणि उताणं झोपवलं. झोपल्यावर ओघळ मागे जातो आणि चेहरा तरुण दिसतो. मग उठून बसायला सांगितलं. दोन्ही चेहऱ्यांत जमीन-अस्मानाचा फरक असेल तर ते यंत्राचं काम नाही, तिथे शस्त्रक्रियेचाच विचार करावा लागतो किंवा आहे ते स्वीकारावं लागतं. बाईंमध्ये फरक होता, पण बेताचा. जबड्याची कड जरा तुटलेली, हनुवटीखाली एक सैल घडी. मी सांगितलं की कडेला थोडा फायदा होईल, घडीला बहुधा नाही, आणि तोंडाभोवतीच्या खोल रेषांना अजिबात नाही. आणि हेही सांगितलं की काहीच न करता रोज सनस्क्रीन लावलं तरी पुढचं वय सावकाश दिसेल. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावी साडेचार वर्षं रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर वयाच्या खुणा मनाला येईल तसं लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी दिसल्या. ९०३ माणसांचा अभ्यास होता तो, २०१३ साली प्रसिद्ध झाला. यंत्र विकणारे याबद्दल बोलत नाहीत, कारण सनस्क्रीनला पॅकेज नसतं.

त्या दोन आठवडे विचार करून आल्या. करायचं म्हणाल्या.

नोव्हेंबर २०२४. एचबीएवनसी ६.६. पेसमेकर नाही, चेहऱ्यात फिलर, म्हणजे इंजेक्शनने घातलेला भराव, नाही. दाताला धातूची टोपी होती, म्हणून गाल आणि दात यांच्या मधे कापसाची गादी ठेवली. कानातलं, चमकी काढली. मंगळसूत्र काढायला सांगितलं तेव्हा बाई क्षणभर थांबल्या, मग त्यांनीच ते रुमालात बांधून मांडीशी ठेवलं. त्या सेंटरमध्ये ते नुसतं मानेमागे सरकवलं होतं. वीज शरीरातून प्लेटकडे जात असताना वाटेत अंगाला धातू लागू नये, इतकी ही साधी गोष्ट आहे.

गार फवाऱ्याचं यंत्र. बधिर करायचं मलम नाही, इंजेक्शन नाही, एक पॅरासिटामॉल अर्धा तास आधी. गालावर चौकटींचा नक्षा उमटवला, म्हणजे एका जागी दोनदा झटका पडणार नाही. डाव्या खळग्याभोवती वर्तुळ आखलं, त्यात काहीच करायचं नव्हतं. शून्य ते चारचा हिशेब समजावून सांगितला. पहिल्या झटक्याला "दोन". दुसऱ्याला "दोन". पंधराव्याला "दोन". मी थोडी ऊर्जा वाढवली. "दोन."

माझी सहायक पायांशी उभी होती. तिने मला खूण केली. बाईंच्या पायाचा अंगठा आवळला होता, जोडवं शेजारच्या बोटात रुतलं होतं.

मी हँडपीस बाजूला ठेवला. "बाई, खरं सांगा."

"तीन असेल. पण चालेल हो, करा तुम्ही."

त्या क्षणी मला राग आला होता, त्यांचा नव्हे, या सवयीचा. आमच्या घरांमध्ये पिढ्यान् पिढ्या बायकांना सोसण्याबद्दल शाबासकी मिळाली आहे. दुखणं लपवणारी बाई समजूतदार, बोलून दाखवणारी कटकटी. जो उपचार रुग्णाच्या तक्रारीवरच बेतलेला आहे, त्याला अशी माणसं मिळाली की मापच खोटं पडतं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही खोटा आकडा सांगितलात तर मी आंधळी होते. मला आतलं तापमान दिसत नाही, ते फक्त तुम्हाला दिसतं. तुम्ही २७ वर्षं वर्गात मुलांना 'समजलं नाही तर हात वर करा' सांगता ना? मग तोंडाने बोलायचं नसेल तर हात वर करा. वर झाला की मी थांबणार, कारण विचारणार नाही.

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. म्हणाल्या, "मुलंही वर करत नाहीत, मॅडम. मला माहीतय कोण लपवतं ते."

ऊर्जा खाली आणली. पुढच्या तासाभरात त्यांचा हात सात वेळा वर गेला. जबड्याच्या कडेवर चार वेळा. प्रत्येक वेळी मी टोक नीट टेकलंय का ते पाहिलं, आणि एकदा खरंच ते कललेलं होतं. जिथे फेब्रुवारीत चंद्रकोर उमटली, त्याच कडेची ही दुसरी, उजवी बाजू. एकूण सुमारे ४०० झटके झाले. केसपेपरवर प्रत्येक भागाची ऊर्जा लिहिली, आणि शेजारी हाताच्या नोंदी. घरी जाताना चेहरा गुलाबी होता, संध्याकाळपर्यंत उतरला.

महिन्याने काही नाही. मी तसं आधीच सांगितलं होतं, तरी बाईंचा चेहरा किंचित पडला. तीन महिन्यांनी त्यांना वाटलं की फरक आहे, मला खात्री नव्हती. सहा महिन्यांनी, मे २०२५ मध्ये, त्याच खुर्चीत, त्याच दिव्याखाली, केस त्याच पट्ट्याने मागे बांधून फोटो काढले आणि आधीच्या फोटोंशेजारी ठेवले. उजव्या जबड्याची रेघ अधिक सलग दिसत होती. डावीकडे फायदा कमी, कारण मधला भाग मुद्दाम सोडला होता. हनुवटीखालची घडी तशीच. त्यांच्या मुलीला फोटो पाहूनही पटकन फरक सांगता आला नाही. बाईंना आरशात तो दिसतो आणि त्यांना तो पुरेसा वाटतो. हा परिणाम कायमचा नाही, वय पुढे जात राहतं, हेही त्यांना ठाऊक आहे.

दिवाळीनंतर, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या आल्या त्या मोबाइल पुढे करतच. न्यू जर्सीतल्या भाचीने बातमी पाठवली होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबरमध्ये सुयांच्या रेडिओ फ्रिक्वेन्सीबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती. भाजणं, व्रण, चरबी जाणं, चेहरा बिघडणं, नसेला इजा अशा तक्रारी आल्याचं त्यात म्हटलं होतं. "हेच का ते, जे माझं झालं?"

तेच नव्हे, पण नात्यातलं. त्यात बारीक सुया आत जातात आणि वीज सुईच्या टोकाशी सुटते. मुरमांच्या खड्ड्यांना त्याचा चांगला उपयोग होतो, मी स्वतः करते. मात्र तिथे बधिर केल्याशिवाय चालत नाही, म्हणजे हात वर करण्याची सोयच उरत नाही. सगळी भिस्त सुई किती खोल जाते, किती ऊर्जा सुटते आणि करणाऱ्याला चेहऱ्याची रचना किती ठाऊक आहे, यावर. उतरलेल्या गालावर सुई चरबीपर्यंत गेली तर खळगा तिथेही पडतो. मी बाईंना सांगितलं की तुमच्या गालावर ते मी करणार नाही.

डावा खळगा तिरप्या उजेडात अजून दिसतो, मोजून पाहिलं तर २०२४ च्या जूनपेक्षा किंचित उथळ. हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर घालून तो भरता येईल, वर्ष-दीड वर्ष टिकेल, खर्च इतका, धोके असे, हे मराठीत लिहून कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला. अजून ठरवलेलं नाही. सहामाही परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत, मग बघू, म्हणाल्या.